मदत हवी आहे: अण्णांची पार्किन्सनची गोळी आणि दुपारचा बांगडा

नमस्कार मंडळी, आमचे सासरे (अण्णा) ७४ वर्षांचे, परळला असतो आम्ही, पार्किन्सन निघून चार वर्षं झाली. सिंडोपा (लेव्होडोपा असलेली पार्किन्सनची गोळी) दिवसातून चारदा. सकाळची गोळी मस्त लागू पडते, स्वतः खाली जाऊन पेपर आणतात, पण दुपारी दीडला जेवून उठले की लगेच गोळी घेतात आणि मग चार-साडेचारपर्यंत खुर्चीतून उठवत नाही, पाय लादीला चिकटल्यासारखे. आठवडाभर वहीत लिहिलं तर बांगडा नाहीतर अंडाकरी असली की जास्त होतं, सोमवारी दुधी-चपाती असते तेव्हा बरे असतात. सासूबाई म्हणतात मासे बंद, अण्णा म्हणतात मग गोळीपण बंद 😐 वजन आधीच उतरलंय. शिवाय पोट चार-चार दिवस साफ होत नाही, आणि गावाहून मामांनी कुहिलीची पावडर पाठवलीय, ती दुधातून देऊ का?

प्रतिसाद: ताई, मासे बंद नका करू हो. माझ्या आईला नऊ वर्षं झाली, आमचंही हेच व्हायचं. गोळीतला लेव्होडोपा आणि प्रोटीनमधली अमिनो आम्लं यांची आतड्यात रांग एकच, मेंदूत शिरतानाही तीच, म्हणून बांगड्याबरोबर घेतली की गोळी मागे राहते. जेवणाआधी अर्धा तास नाहीतर नंतर तासाभराने द्यायची, पाण्याबरोबर, दुधाबरोबर नको, मळमळलं तर एखादं मारी बिस्कीट. मासे रात्री करा, पण मग रात्री हालचाल जड होऊ शकते, बाथरूमला जाताना सोबत राहा. हे सगळ्यांना लागतंच असं नाही आणि अण्णांचं वजन घटतंय, तेव्हा डॉक्टरांना विचारूनच. लोहाची गोळी असेल तर तीपण दोन तास लांब ठेवा. आणि कुहिलीचा डबा उघडूच नका!! तिच्यात मुळात लेव्होडोपाच असतो, म्हणजे मोजमाप नसलेला वरचा डोस, बीपी पडेल, अंग वेडंवाकडं हलायला लागेल. पोटाचा त्रास या आजारातच असतो, पाणी वाढवा, पपई, भिजवलेले मनुके, इसबगोल दिलंत तर भरपूर पाण्यातून.

धागाकर्ती: थँक्यू ताई. डॉक्टरांशी फोनवर बोलून काल साडेबाराला गोळी दिली, दीडला जेवण. अडीचला स्वतः उठून रिमोट घेतला! एका दिवसावरून काही म्हणत नाही, वही चालू ठेवलीय. बांगडा रात्रीवर गेला म्हणून अण्णा रुसलेत ते वेगळंच.