रोमन रेन्स फुटबॉलमध्ये जमलं नाही म्हणून घरच्या धंद्यात आला, बरोबर ना?

खुंटीवरचा कोट

मंडळी, घरातला एक वाद मिटवून द्या. भाचा सुट्टीला आलाय, नववीत आहे, दिवसभर डब्ल्यूडब्ल्यूई, म्हणजे टीव्हीवरची ती अमेरिकन कुस्ती, चालू. मी आपला पैलवानांच्या ट्रम्प कार्डांच्या जमान्यातला, वजन, छाती, उंची सगळं पाठ, अंडरटेकरच्या कार्डासाठी शाळेत मारामाऱ्या केलेला, त्यामुळे मलाही चार गोष्टी कळतात असा माझा समज. परवा जेवताना सहज बोलून गेलो की तुझा रोमन रेन्स म्हणजे फुटबॉलात नापास झालेला गडी, बाप कुस्तीतला, काका कुस्तीतला, भाऊ कुस्तीतला, मग काय, आपल्याकडे डॉक्टरचा मुलगा बापाच्या दवाखान्यात आयता जाऊन बसतो तसं. पोरगं ताटावरून उठायचंच बाकी होतं, तेव्हापासून बोलत नाहीये माझ्याशी.

तर विचारायचं एवढंच की फुटबॉलमध्ये तो खरंच काही होता का, आणि निकाल आधीच ठरलेला असतो तर मग घराण्यातल्या माणसाला त्यात अवघड ते काय? आई म्हणते भाच्याला आईस्क्रीम दे आणि विषय संपव, पण मला उत्तर पाहिजे.

चौथी सीट

कोटसाहेब, नापास शब्द मागे घ्या आधी. आणि आपला फुटबॉल नाही, अमेरिकन फुटबॉल, हेल्मेटवाला. जॉर्जिया टेकसारख्या मोठ्या कॉलेजकडून खेळला तो, डिफेन्सिव्ह टॅकल, म्हणजे समोरच्यांची भिंत फोडून आत घुसायचं काम, वजन तीनशे पौंडांच्या घरात. २००६ ला त्यांच्या अख्ख्या कॉन्फरन्सच्या, म्हणजे कॉलेजांच्या गटाच्या, पहिल्या संघात निवड झाली होती, ही काही वशिल्याने मिळत नाही. त्याच टीममध्ये कॅल्विन जॉन्सन होता, जो पुढे एनएफएलमध्ये, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये, महान झाला.

२००७ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे लीगच्या टीम कॉलेजची पोरं निवडतात त्यात, रेन्सला कोणी उचललं नाही हे खरं, पण मिनेसोटा व्हायकिंग्ज या टीमने तरी करार केला, आणि तिथल्या मेडिकलमध्ये काय निघालं तर ल्युकेमिया, रक्ताचा कॅन्सर. बावीस वर्षांचं पोरगं. करार त्याच महिन्यात गेला. उपचार घेतले, मग जॅक्सनव्हिलच्या टीमने थोडे दिवस ठेवलं, मग २००८ ला कॅनडात एडमंटनकडून एक सीझन, त्यात पाच मॅच, आणि संपलं. डब्ल्यूडब्ल्यूईशी करार झाला २०१० मध्ये, म्हणजे मधे दीडेक वर्ष गेलंय, बापाचा दवाखाना शेजारीच असता तर दुसऱ्या दिवशी जाऊन बसला असता ना. आणि आल्या आल्या टीव्हीवर नाही हां, टॅम्पाला त्यांची शिकाऊ कंपनी होती तिथे लीकी नावाने दोन वर्षं घासला, नोव्हेंबर २०१२ मध्ये शील्ड या तिघांच्या टोळीबरोबर मुख्य शोमध्ये आला.

२०१८ मध्ये तोच आजार परत उलटला, चॅम्पियन असताना बेल्ट रिंगमध्ये ठेवून गेला आणि चार महिन्यांत परत आला. भाच्याला आईस्क्रीम डबल द्या.

वारणेचा गडी

मला फुटबॉल कळत नाही पण तुमच्या शेवटच्या प्रश्नावर बोलतो, निकाल ठरलेला तर अवघड काय. आमच्याकडं नुरा कुस्ती म्हणतात तिला, शिवीसारखा शब्द आहे, आणि मी पण लहानपणी तेच म्हणायचो. चार वर्षं तालमीत होतो, पुढं गुडघा गेला आणि सुटलं.

तालमीत वस्ताद पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट डोक्यात भरतो, पाठ लागू द्यायची नाही. मान मोडली तरी चालंल पण पाठ नाही. पालथा पड, मानेवर पूल कर, काय वाट्टेल ते कर. आणि या लोकांचं पोट पाठ लावूनच भरतं. रोज रात्री पाठ लावायची, ती पण अशी की बघणाऱ्याला वाटलं पाहिजे गेला हा, आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसून पुढच्या गावाला जाऊन परत लावायची. हनुवटी छातीला, दोन्ही हात चटकन बाजूला आपटायचे, सगळी पाठ एकदम टेकायची म्हणजे मार एका जागी बसत नाही. खाली काय गादी नसते मऊ, फळ्या आणि त्यावर पातळ फोम. आमची माती त्यापेक्षा प्रेमळ, ताक तेल हळद घातलेली.

दुसरं म्हणजे फुटबॉलवाल्याला शिकवलेलं असतं समोरच्याला खरा धडकायचं. इथं उलटं. समोरचा तुमच्या हातात मान देतो, त्याला उचलून आपटायचं पण त्याला लागता कामा नये, लागलं तर तुम्ही वाईट पैलवान. म्हणजे आयुष्यभर जे शिकला ते अर्धं विसरायचं, ताकद तेवढी ठेवायची आणि रग सोडायची. हे मला तरी जमलं नसतं. खुराकाचं मात्र जमलं असतं 😄

जर्सीवाली मावशी

निकालावरून आठवलं, आम्ही राहतो त्या न्यूजर्सीतलीच गोष्ट आहे. १९८९ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईच्या कंपनीने स्वतःहून इथल्या सिनेटला सांगितलं की आमचं हे खेळ नाही, मनोरंजन आहे. का, तर खेळ म्हटला की सरकारी आयोग, पैलवानांची लायसन्सं, डॉक्टरी तपासणी, वर टीव्हीच्या कमाईवर कर. तमाशा म्हटलं की सुटका. म्हणजे "हे खोटं असतं" हा शोध कुणाच्या भाच्याने लावलेला नाही, मालकांनीच लावून दिलाय, पैसे वाचवायला.

आणि घराणं म्हणताय तर फक्त बाप-काका नका मोजू. द रॉक, म्हणजे पुढे सिनेमात गेलेला ड्वेन जॉन्सन, त्याची आजी लीया मायविया, नवरा १९८२ मध्ये गेल्यावर हवाईतली कुस्तीची कंपनी तिने चालवली. त्या काळात बाईने पैलवानांना तारखा द्यायच्या आणि पैसे मोजायचे, विचार करा. (रॉक आणि रेन्स रक्ताचे भाऊ नाहीत बरं का, आजोबा पीटर मायविया आणि रेन्सच्या घरातले थोरले यांनी एकमेकांना भाऊ मानलेलं, तिथून नातं. आपल्याकडे गावात असतंच की असं, चुलतं म्हणतो आणि विचारायला गेलं तर काहीच लागत नाही.)

पॉपकॉर्न९०

मावशींनी रॉकचं काढलंच आहे तर खरा मुद्दा तिथेच आहे. तो पण फुटबॉलवालाच. मायामी विद्यापीठाकडून खेळला, १९९१ च्या चॅम्पियन टीममध्ये होता, मग दुखापत, जागेवर वॉरन सॅप आला आणि हा बाकावर. १९९५ ला कॅनडात कॅलगरीच्या टीमने दोन महिन्यांत काढलं, खिशात सात डॉलर उरले होते म्हणे, स्वतःच्या सिनेमा कंपनीचं नाव पण त्याने पुढे सेव्हन बक्स, म्हणजे सात डॉलर, ठेवलं. बापाकडे गेला की मला शिकव, तर रॉकी जॉन्सन आधी तयारच नव्हता, त्याने तो धंदा आतून बघितला होता.

नोव्हेंबर १९९६ मध्ये कंपनीने रिंगमध्ये उतरवला तेव्हा नाव ठेवलं रॉकी मायविया, बापाचं पुढे आजोबांचं मागे. घराण्याचा वशिला याहून मोठा कुठला? आणि झालं काय, काही महिन्यांत अख्खं स्टेडियम हुर्यो उडवायला लागलं. हसरा, गोड, तिसऱ्या पिढीचा वगैरे, लोकांना नको होता तो. मग १९९७ मध्ये व्हिलन झाला, आडनाव टाकलं आणि लोकांवरच तोंड सोडलं, तेव्हा लोक त्याच्यासाठी वेडे झाले.

रेन्सचं अगदी तेच. जानेवारी २०१५, फिलाडेल्फिया, रॉयल रंबल, म्हणजे तीस पैलवानांची ती मोठी मॅच, जिंकला, स्वतः रॉक येऊन हात वर करतोय, आणि पब्लिक रॉकच्या समोर हुर्यो करतंय, त्याला काय करावं कळेना. २०१७ मध्ये अंडरटेकरला हरवलं (कोटसाहेब, तुमचं कार्ड!) तर दुसऱ्या दिवशी जवळजवळ दहा मिनिटं याला बोलूच दिलं नाही. शेवटी एक वाक्य बोलून निघून गेला. कंपनीने ढकलून ढकलून मेन इव्हेंटला आणता येतं माणसाला, टाळ्या काही आणता येत नाहीत.

गंमत म्हणजे रेन्स हे आडनाव घरचं नाहीच. घराणं कामाला आलं ते २०२० नंतर, जेव्हा तो दुष्ट झाला आणि घराणं हीच गोष्ट झाली, चुलतभाऊ जे उसोला तुडवून मी कुटुंबप्रमुख म्हणतो, आणि स्टेजवर खराखुरा बाप सीका आणि काका आफा येऊन गळ्यात माळ घालतात. आपल्याकडे भाऊबंदकी म्हणतात त्याला, तो चॅम्पियन होता ते १३१६ दिवस अमेरिकेने ती बघितली.

खुंटीवरचा कोट

बापरे. गडी, तुमचा पाठ लावायचा मुद्दा मोठ्याने वाचून दाखवला, भाचा मोबाईल ठेवून ऐकत होता. नापास शब्द मागे घेतला, रीतसर. आता हॉलमधल्या गादीवर हनुवटी छातीला लावून पडायची प्रॅक्टिस चालू आहे आणि खालच्या मजल्यावरचे काका दोनदा वर येऊन गेले. मावशी, ते लायसन्सचं मात्र त्याला सांगितलं नाही अजून.

वारणेचा गडी

अहो गादीवर नको, गादीवर सवय लागत नाही आणि खालच्या काकांना पण त्रास. मैदानात न्या, माती उकरून घ्या थोडी. आणि पहिल्यांदा तुम्ही पडून दाखवा.

खुंटीवरचा कोट

मी सत्तेचाळीसचा आहे हो.

पॉपकॉर्न९०

अंडरटेकर बावन्नचा होता त्या मॅचला.