मदत हवी आहे: पेव्हमेंटचा तिसरा अल्बम कसा ऐकावा?

मंडळी, कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनचा 'पेव्हमेंट' हा बँड महिनाभर झपाटल्यासारखा ऐकतोय. १९८९ मध्ये स्टीफन मॅल्कमस आणि स्कॉट कॅनबर्ग यांनी तो सुरू केला आणि पाच अल्बम करून १९९९ मध्ये सगळं थांबलंही. १९९२ चा 'स्लँटेड अँड एन्चांटेड' ड्रमर गॅरी यंगच्या घरच्या स्टुडिओत झाला. त्यातला खरखरीत आवाज मला फार प्रिय आहे, इतका की नंतरचे सफाईदार अल्बम आधी परकेच वाटले.

अडलंय ते तिसऱ्यापाशी. १९९४ मध्ये 'क्रुकेड रेन, क्रुकेड रेन'ने नाव झालं आणि पुढच्याच वर्षी 'वाउई झाउई' आला. अठरा गाणी, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. मूळ एलपीच्या दोन तबकड्यांपैकी चौथी बाजू तर कोरीच ठेवलेली! तीनदा ऐकला, दर वेळी मध्येच धागा सुटतो. पण कितीतरी जुने चाहते त्यालाच सर्वांत वर ठेवतात, म्हणजे माझंच काहीतरी निसटतंय.

तुम्ही तो सलग ऐकलात की बाजू-बाजूने? कुठल्या गाण्यापाशी उलगडला? २०१० मध्ये बँड पुन्हा एकत्र आला, तेव्हाच्या मैफिली ऐकून काही उपयोग होईल का? निवडक गाण्यांचे संग्रह कृपया सुचवू नका, मला हा अल्बम अखंडच समजून घ्यायचाय.