चौथ्या वेताची गाय दगावली, दुसरी महिन्याभरात व्यायची आहे – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

इथले गोठ्याचे धागे बरेच दिवस वाचते आहे, लिहिते मात्र पहिल्यांदाच. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी आटपाडी तालुक्यातली. घरात सासूबाई, दोन मुलं आणि मी. आमचे हे कोईमतूरला गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, दुकानात कामाला असतात. आमच्या भागात घरटी एक माणूस गलाईसाठी बाहेर असतोच. हे वर्षातून दोनदा येतात, दिवाळीला आणि खरसुंडीच्या यात्रेला. त्यामुळे गोठा माझ्याकडेच. आज दावणीला चार दुधातल्या संकरित गाई, एक गाभण, दोन कालवडी, एक महिन्याचं वासरू आणि सासूबाईंची म्हातारी खिल्लार आहे. टेंभू उपसा योजनेचं पाणी आल्यापासून मका आणि लसूणघास घरचाच होतो. दुष्काळात जनावरं घेऊन चारा छावणीत राहिलेली माणसं आहोत आम्ही, त्यामुळे दारात हिरवा चारा असणं म्हणजे काय, ते मला कुणी सांगायला नको.

गेल्या महिन्यात आमची राणी गेली. चौथं वेत, वेताच्या भरात बावीस लिटरला होती. संध्याकाळी सातला व्यायली, कालवड झाली. वारही तीन तासांत पडली, म्हणून मी निर्धास्त होते. चीक भरपूर होता. कालवडीला लगेच दोन लिटर पाजला आणि कास जड वाटत होती म्हणून पूर्ण मोकळी केली. अकराला परत बघायला गेले तर राणी मागच्या पायांवर डुलत होती. वाटलं, दमली असेल. पहाटे चारला उठून गेले तेव्हा ती बसली होती, मान वळवून तोंड कुशीवर टाकलेलं. कानाला हात लावला तर गार. थंडीचे दिवस होते. मला वाटलं गारठली. अंगावर पोती टाकली, गुळाचं कोमट पाणी बाटलीनं पाजलं आणि पाचपासून फोन लावत बसले. एकांचा फोन बंद, दुसरे लांबच्या गावाला गेलेले. साडेसातला डॉक्टर आले तेव्हा ती आडवी झाली होती. सुई लावेपर्यंत संपलं.

डॉक्टर म्हणाले, मिल्क फीवर, दुधाचा ताप. ताप म्हणायचं आणि अंग गार! मी ताप म्हणजे गरम अंग एवढंच धरून बसले होते. तो कान अजून हाताला लागतो माझ्या. रात्री अकराला नुसता हात लावला असता तरी कळलं असतं का, हा विचार डोक्यातून जात नाही.

आणि सगळ्यात जास्त खातं ते हे की मी तिची हेळसांड केलेली नव्हती. आटवल्यापासून, म्हणजे व्यायच्या आधी धार बंद केल्यापासून, रोज १०० मिली कॅल्शियम पाजत होते. पुढे दूध चांगलं राहावं म्हणून लसूणघासही तिलाच जास्त टाकत होते. मग तिलाच कॅल्शियम कमी कसं पडलं?

आता चंद्री महिन्याभरात व्यायची आहे. तीही चौथ्याच वेताची, तीही दुधाला भारी. तिला आटवून महिना झाला. कॅल्शियमची नवी बाटली आणून ठेवली आहे, पण उघडायला हात होत नाही.

दुसरी गोष्ट लिहू की नको असं झालं होतं, पण लिहिते. राणी गेल्यापासून माझं कामात मनच लागत नाही. चारचा गजर होण्याआधीच मी जागी असते, पण अंथरुणातून पाय उचलत नाही. शेण काढायचं, धारा काढायच्या, सहाच्या आत दूध संकलनावर पोचवायचं, मग कुट्टी, पाणी, मुलांचे डबे, रान, परत चारला शेण आणि धारा. हे सोळा वर्षं चाललंय आणि कधी जड गेलं नाही. २०१९ ला आम्ही छावणीत उन्हाळा काढला. ताडपत्रीखाली मुलगी अभ्यास करायची आणि मी तिथेच भाकरी थापायची. २०२२ ला लम्पी आली तेव्हा दोन जनावरांच्या अंगभर गाठी उठल्या होत्या. रोज कडुलिंबाच्या पाण्यानं जखमा धुतल्या, दोन्ही वाचली. तेव्हा रडले, पण खचले नाही. मग आताच असं का व्हावं? ते दिवस सगळ्या गावावर आले होते. राणी माझ्या हातातून गेली. मला वाटतं फरक तिथेच आहे.

मुलगी अकरावीला आहे. परवा ती न सांगता पहाटे उठली आणि दोन गाईंच्या धारा काढून ठेवल्या. तिच्या बोटांना सवय नाही, अंगठा आत मुडपून पिळते, त्यानं सड दुखावतो आणि तिचा हातही भरून येतो. मी काही बोलले नाही. तिची बारावी तोंडावर आहे, तिनं गोठ्यात अडकू नये असं फार वाटतं. आणि तिनं केलेलं बघून बरंही वाटलं.

अजून एक. दुधाचं खातं ह्यांच्या नावावर आहे. दहा दिवसांचं बिल झालं की मेसेज कोईमतूरला जातो. राणी गेली त्याच्या पुढच्या बिलाला यांचा फोन आला, “या वेळी दूध कमी कसं?” त्यांच्या मनात काही नव्हतं, माणूस साधा आहे. राणी गेल्याचं मीच सांगितलं होतं, आकडा बघून ते सहज बोलून गेले. पण मी फोन ठेवला आणि वैरणीच्या ढिगावर बसून राहिले. फॅट किती लागली, पेंडीचे किती कापले, हे मला त्यांना विचारून कळतं. दूध मी घालते.

हे म्हणतात, गाई विकून टाक, दोन ठेव घरच्या दुधापुरत्या. सासूबाई म्हणतात, एक गेली म्हणून दावण मोडायची नसते. मला दोघांचंही पटतं आणि काहीच ठरत नाही. चंद्रीचं काय करू ते कृपया लवकर सांगा. आणि ज्यांच्या हातून असं जनावर गेलंय ते परत उभे कसे राहिले, तेही सांगा.

प्रतिसाद (पशुवैद्यक, सातारा जिल्हा)

ताई, आधी तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण चंद्रीचं त्यावरच अवलंबून आहे.

गाभणपणी गाईला रोज भरपूर कॅल्शियम मिळालं की हाडांतलं कॅल्शियम रक्तात आणायची तिच्या शरीराची यंत्रणा सुस्त होते. व्यायल्याबरोबर मागणी एकदम वाढते. गाईच्या रक्तात एका वेळी जेमतेम ३ ग्रॅम कॅल्शियम फिरत असतं आणि १० लिटर चिकातून २० ग्रॅमच्या वर जातं. ही तूट हाडांतून आणि आतड्यांतून लगेच भरून यावी लागते. यंत्रणा जागी व्हायला एक-दोन दिवस लागतात आणि तेवढ्यात गाय बसते. तिसऱ्या वेतापुढच्या, दुधाला भारी गाईंना हा धोका जास्त. म्हणजे तुम्ही काही कमी केलं नव्हतं. दुकानातून बाटली देताना हे कुणी सांगत नाही. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सहा-सात घरांत हेच चाललेलं असतं.

चंद्रीला ती बाटली देऊ नका. शेवटचे तीन आठवडे लसूणघासही बंद करा, मका आणि कोरडा चारा द्या. खनिज मिश्रण गाभण गाईंसाठीचं वेगळं मिळतं, त्यात ॲनायोनिक क्षार असतात, म्हणजे ही यंत्रणा व्यायच्या आधीच जागी ठेवणारे क्षार. ते तुमच्या डॉक्टरांना विचारून, ते सांगतील त्या मापानं द्या. व्यायल्याबरोबर, गाय उभी असताना आणि नीट गिळत असताना, तोंडावाटे कॅल्शियमची जेल द्यायची आणि बारा तासांनी दुसरी. पहिले दोन दिवस कास पूर्ण मोकळी करू नका. वासराला चीक पोटभर पाजा, त्याच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतका, आणि कास हलकी होईल एवढंच काढा.

पहिले दोन दिवस दर तीन-चार तासांनी कान बघा. कान गार, नाक कोरडं, डुलती चाल, शेण बंद, यातलं काहीही दिसलं की वाट बघू नका. बसलेल्या गाईला तोंडानं काही पाजू नका. या आजारात गिळणं मंदावतं आणि पाणी फुप्फुसात जातं. पोत्यांचा आधार देऊन तिला छातीवर बसतं ठेवा, आडवी होऊ देऊ नका. शिरेतून कॅल्शियम डॉक्टरांनीच द्यायचं, तेही सावकाश, कारण भरभर गेलं तर हृदय थांबू शकतं. वेळेत मिळालं तर गाय बऱ्याचदा तासाभरात उठते. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक मोबाईलमध्ये ठेवा. पण रात्रीसाठी म्हणून आजूबाजूच्या दोन-तीन डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा आणि चंद्रीची तारीख त्यांना सांगून ठेवा.

प्रतिसाद (इंदापूर तालुका)

वहिनी, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. चार दुधातल्या गाई, खालची वासरं आणि हाताने धारा, हे एका माणसाचं काम नाही. माझ्याकडे अकरा होत्या, सहा केल्या आणि गोठा मुक्त केला. दावी सोडली, पाण्याची टाकी आत बांधली. शेण रोज काढावं लागत नाही, पाणी पाजावं लागत नाही. दूध कमी झालं, पण पेंडीचा खर्चही कमी झाला आणि हातात जवळपास तेवढंच उरतं. सगळ्या विकू नका, पण ज्या वारंवार उलटतात, म्हणजे भरवूनही गाभण राहत नाहीत, त्या आधी काढा. म्हातारी खिल्लारही काही देत नसेल तर विचार करा.

प्रतिसाद (संगमनेर)

ताई, तुमचं वाचून माझी म्हैस आठवली. ती गेली त्याला पाच वर्षं झाली. दोन महिने मी गोठ्यात जाऊन नुसती उभी राहायचे. मला उभं केलं ते तिच्या रेडीनं. तिला बाटलीनं दूध लागायचं, त्यामुळे दिवसातून तीनदा जावंच लागायचं. राणीच्या कालवडीबद्दल तुम्ही फारसं काही लिहिलं नाही. कशी आहे ती?

आणि खात्याचं मनावर घ्या. आमच्या संस्थेत मी माझ्या नावाचा वेगळा कोड, म्हणजे दुधाच्या खात्याचा नंबर, घेतला. आधार, बँकेचं पासबुक आणि एक अर्ज, एवढंच लागलं. भांडण झालं नाही, थोडे दिवस अबोला झाला. बिलाचा मेसेज माझ्या मोबाईलवर पहिल्यांदा आला त्या दिवशी मी तो तीनदा वाचला. आता फॅट पडली की मला त्याच दिवशी कळतं, कुठल्या गाईचं काय चुकलं ते शोधता येतं. गोठा चालवायचा तर आकडा हातात पाहिजे.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टर, तुमचा प्रतिसाद मी सासूबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, “म्हणजे लाडानं गेली म्हणायची.” मग बराच वेळ आम्ही दोघी काही बोललो नाही. पण त्या रात्री मला झोप लागली. बाटली परत करून आले.

इंदापूरच्या दादा, राग नाही. एक गाय पाच वेळा उलटली आहे, ती काढायचं ठरवलं. खिल्लार मात्र राहील. सासऱ्यांनी तिच्या आईला खरसुंडीच्या बाजारातून चालत आणलं होतं आणि सासूबाई सकाळी पहिली हाक तिलाच मारतात.

संगमनेरच्या ताई, कालवड चांगली आहे. आईसारखाच डाव्या डोळ्याभोवती काळा पट्टा आहे. म्हणूनच मी तिच्याबद्दल लिहायचं टाळलं असेल. आता तिचं दूध मीच पाजते, आधी मुलाकडे दिलं होतं.

धागाकर्ती (सव्वा महिन्यानंतर)

चंद्री काल दुपारी व्यायली. गोऱ्हा झाला. जेल दिली. दुसरी मध्यरात्रीनंतर दिली, तेव्हा मुलगी बॅटरी धरून होती. रात्रभर दर तीन तासांनी उठले. दर वेळी कान गरम होते. पहाटे तिनं वैरणीला तोंड लावलं. सकाळी तीन लिटरच काढलं, बाकी कासेत ठेवलं.

कोडचा अर्ज गेल्या आठवड्यात दिला. यांना फोनवर सांगितलं तेव्हा थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “मग किती दूध गेलं ते मला कसं कळणार?” मी म्हटलं, “मला विचारत जा.” आता रोज संध्याकाळी फोन येतो. काल पहिला प्रश्न चंद्रीचे कान कसे आहेत हा होता.

डॉक्टर, एकच विचारायचं राहिलं. चंद्रीच्या कासेला पुढच्या बाजूनं सूज आहे, बोट दाबलं की खड्डा राहतो. दूध स्वच्छ आहे, गाठी नाहीत, कास गरमही नाही. ही सूज आपोआप उतरते का, की काही करावं लागेल?