रिले शर्यतीत बॅटन देण्याचा सराव कसा करून घ्यावा?

प्रश्न (परभणी): मी शाळेत खेळ शिकवतो. मे 2024 मध्ये नासाऊ (बहामास) येथील जागतिक रिले स्पर्धेतून भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही 4×400 मीटर संघ पॅरिस ऑलिंपिकसाठी पात्र ठरले, तेव्हापासून आमच्या मुलांनाही रिलेची ओढ लागली आहे. 4×100 आणि 4×400 या दोन्ही अंतरांसाठी बॅटन-बदल (एका धावपटूने पुढच्याच्या हाती छोटी दांडी देणे) सारखाच शिकवावा का?

उत्तर १ (लातूर): नाही. 4×100 मध्ये पुढचा धावपटू मागे न पाहता हात मागे करतो; 4×400 मध्ये मात्र येणारा थकलेला असल्याने मागे पाहूनच बॅटन घ्यावी लागते. 4×100 चा बदल-पट्टा, म्हणजे ज्या टप्प्यातच बॅटन द्यावी लागते तो भाग, आता 30 मीटरचा आहे, आणि त्यात धावपटूचे पाऊल कोठे आहे हे नव्हे, तर बॅटन कोठे आहे हेच पंच पाहतात, ही गोष्ट मुलांच्या मनावर अगदी पहिल्या दिवसापासून ठसवावी.

उत्तर २ (बीड): सहमत. बॅटन पडल्यास ज्याच्या हातून ती पडली त्यानेच उचलायची, हेही सांगावे. मातीच्या मैदानावर फक्कीने पट्टा आखून घ्या आणि जोड्या वारंवार बदलू नका. एकमेकांच्या वेगाचा अंदाज सोबत धावूनच येतो. बुडापेस्टला 2023 मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत आपल्या पुरुष 4×400 संघाने 2:59.05 (मिनिटे:सेकंद) वेळ नोंदवली, ती शर्यत मुलांना अवश्य दाखवा.