विभाजनाची दिशा आणि पेशीचे भवितव्य
विभाजनाने पेशींची फक्त संख्या वाढते आणि त्यांचे भवितव्य मागाहून ठरते, हे मत मला अपुरे वाटते. फळमाशीच्या भ्रूणातील न्यूरोब्लास्ट, म्हणजे चेतापेशींना जन्म देणारी मूलपेशी, पाहा: विभाजनाच्या वेळी तिच्या तळाशी प्रॉस्पेरो आणि नम्ब ही प्रथिने चंद्रकोरीसारखी गोळा होतात, तर्कुतंतू (गुणसूत्रे दोन्ही बाजूंना ओढणारे तंतू) त्याच अक्षावर रचले जातात, आणि म्हणून ती प्रथिने आकाराने लहान असलेल्या कन्यापेशीतच उतरतात, तेथे प्रॉस्पेरो केंद्रकात शिरून स्वनूतनीकरणाची, म्हणजे मूलपेशी म्हणूनच टिकून राहण्याची, जनुके दाबते. तर्कुतंतूंची दिशा चुकली, तर दोन्ही कन्यापेशी न्यूरोब्लास्टच राहू शकतात. याच माशीच्या वृषणात दोन सेंट्रोसोमपैकी (तर्कुतंतू जिथून निघतात त्या केंद्रांपैकी) जुने सहसा मूलपेशीकडेच राहते, हे तर मला विलक्षण वाटते. बाहेरचे संकेतही लागतातच, परंतु वृषणात ते कोणत्या कन्यापेशीपर्यंत पोहोचावेत, हे विभाजनाची दिशाच ठरवते.