पात्यावर उभं राहून ताकद कळत नाही

पवनचक्कीच्या १.२ मीटरच्या सागवानी पात्यावर मधोमध उभं राहिलात आणि ते तुटलं नाही, एवढ्यावर पास करू नका. दोन टोकं टेकलेली असतात तेव्हा बुंध्यावर, म्हणजे चक्राला जोडायच्या टोकावर, जवळजवळ काहीच ताण येत नाही, आणि पातं मोडतं तिथेच, बोल्टच्या भोकांच्या ओळीत.

बुंधा टेबलाला बोल्टने आवळा, वाऱ्याकडची बाजू वर ठेवा. ताशी ४३ किमी वाऱ्यात तीन पात्यांच्या चक्रावर प्रत्येकी साधारण १० किलोचा दाब येतो. टोकाच्या जागेची खूण करा, मग तिप्पट धरून ३० किलो वाळूची पिशवी बुंध्यापासून ८० सेंमीवर टांगा, दहा मिनिटं थांबा. पिशवी काढल्यावर टोक मूळ खुणेवर आलं नाही किंवा मध्येच 'कट्ट' आवाज आला, तर ते पातं बाद.

फिरताना पात्याला बाहेर खेचणारी ओढ वेगळी मोजा. एक किलोचं पातं, गुरुत्वमध्य ४५ सेंमीवर, ५०० आरपीएम (मिनिटाला फेरे): सुमारे १२५ किलो. ७०० आरपीएमला जवळजवळ दुप्पट! लाकूड हे सहज सोसतं. भोक कडेला सरकलेलं असेल तर तिथून उभी चीर जाते.

खरी गोम लाकडाच्या रेषांत आहे. दहा सेंमीत एक सेंमी तिरक्या गेल्या की वाकण्याची ताकद पाचव्या हिश्श्याने घटते, दोन सेंमी गेल्या तर जेमतेम निम्मी उरते. टिंबर मार्केटमधून फळी उचलताना कडेची रेषा बघूनच घ्या, गाठ असेल तर भाव कितीही कमी असो, नको.

आणि पुण्याच्या पावसाळ्यानंतर तिन्ही पाती पुन्हा तोला.