खाडी, सिमेंटचे बूट आणि 'उसूलवाले' भाई: किती दिवस हेच सांगणार?

निखारा: परवा एकाने मुंबईच्या टोळ्यांच्या 'खास पद्धतीं'वर भलीमोठी पोस्ट टाकली. म्हणे जुन्या भाईंच्या खुनालाही शिस्त होती. गद्दाराचे पाय सिमेंटमध्ये घट्ट करून त्याला खाडीत सोडायचं, वार समोरून करायचा, देवाच्या दारात आणि बाईमाणसासमोर हात उचलायचा नाही. खाली 'काय जमाना होता' म्हणणाऱ्यांची रांग लागलीय. माझं डोकंच फिरलं.

दाऊदचा भाऊ शबीर कासकरला फेब्रुवारी १९८१ मध्ये प्रभादेवीच्या पेट्रोल पंपावर घेरून मारलं, सोबत बाई होती. शबीरच्या खुनातला आरोपी, पठाण टोळीचा अमीरजादा, त्याला १९८३ मध्ये भर कोर्टात गोळी घातली. जे.जे. रुग्णालयात सप्टेंबर १९९२ ला गवळी टोळीचा शैलेश हळदणकर उपचार घेत पडलेला होता, त्याच्याबरोबर पहाऱ्यावरचे दोन पोलीसही गेले. १२ ऑगस्ट १९९७ ला कॅसेट कंपनीचे मालक गुलशन कुमार अंधेरीत देवळातून बाहेर पडत होते. कुठे होतं देवाचं दार? फिल्डिंग लावायची, म्हणजे पाळत ठेवायची, आणि माणूस बेसावध सापडला की गेम वाजवायचा. एवढीच ती पद्धत.

भायखळा_लोकल: सगळं एका पोत्यात भरू नका. घोडा, म्हणजे पिस्तूल, हातात येण्याआधी चॉपर, रामपुरी आणि तलवारीच होत्या. मारायचं तर जवळ जावं लागायचं, रक्त अंगावर घ्यावं लागायचं, आणि कोणी केलं ते गल्लीला दुसऱ्या दिवशी कळायचं. हाजी मस्तानचा धंदा सोन्याच्या तस्करीचा होता, त्याला मढी परवडणारी नव्हती. पुढे शूटरला नुसता फोटो दाखवायला लागले. एके-४७ आल्यावर तर शेजारी उभा असलेलाही गेला. फरक होता, आणि आमच्या घरातल्या मोठ्यांनी तो डोळ्यांनी पाहिलाय.

निखारा: तस्कराला मढी परवडत नव्हती, हा हिशेब झाला. त्याला उसूल कशाला म्हणायचं?

ओहोटी: सिमेंटबद्दल थोडंसं. ती गोष्ट मुळात अमेरिकन माफियाची. काँक्रीट घट्ट व्हायला कित्येक तास लागतात, तोवर त्या माणसाला धरून कोण बसणार? तिकडे कित्येक दशकं ही गोष्ट रंगवून सांगितली गेली. २०१६ मध्ये न्यूयॉर्कला ब्रुकलिनच्या किनाऱ्यावर खरोखर काँक्रीटमध्ये पाय असलेलं प्रेत मिळालं, पण तेही बुडून राहिलं नाही, किनाऱ्याला लागलं. आपल्याकडे तर टोळ्यांना प्रेत लपवायचंच नसायचं. ते रस्त्यावर पडलेलं दिसलं तरच पुढच्या माणसाकडून खंडणी सुटायची.

परळची_पोर: कोण कसा मेला याचीच सगळ्यांना हौस. मारणारी पोरं कुठून आली ते कोणी विचारत नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. आमच्या मजल्यावर खानावळीचे डबे यायचे बंद झाले, मग भांडी गेली, मग आईचं मंगळसूत्र. समोरच्या खोलीतला मुलगा दहावीला होता. आधी मटक्याच्या चिठ्ठ्या पोचवायचा, मग कोणाचं तरी 'सामान' ठेवायला लागला. एके दिवशी पोलीस त्याच्या बापाला प्रेत ओळखायला घेऊन गेले. त्याचा बाप माझ्या बापाबरोबर गिरणीत साच्यावर (मागावर) होता.

निखारा: ताई, वाईट वाटलं. पण विषय वेगळा आहे.

परळची_पोर: विषय हाच आहे! मे १९९४ मध्ये महालक्ष्मीला गिरणीमालक सुनीत खटाव यांना मारलं. जानेवारी १९९७ मध्ये पवईत त्या संपाचे नेते दत्ता सामंतांना. हे खून कुठे तुमच्या खाडीच्या गोष्टीत बसतात? जमिनीचंही बघा. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश पालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला होता. २००१ मध्ये तो वाटा फक्त मोकळ्या जागेपुरता केला, आणि २००६ ला सुप्रीम कोर्टानेही ते उचलून धरलं. कामगाराच्या घरांची जागा तिथे गेली. त्यावर कुठे दंतकथा ऐकलीत?

गणपत_नाका: गिरणीचं नाव पुढे करून खुन्यांना धुऊ नका. माझे वडीलही संपात होते. त्यांनी फुटपाथवर भाजी विकली, माझा भाऊ वॉचमन झाला. आमच्या चाळीतली बहुतेक पोरं अशीच राबली. दोघं-तिघं टोळीत गेली आणि तुम्ही अख्ख्या गिरणगावाला डाग लावताय.

परळची_पोर: डाग मी लावला? तुम्ही माझं नीट वाचलंत तरी का? आमच्या मजल्यावर त्या पोराच्या मयताला चार माणसं आली नाहीत, अशाच बोलण्याने.

दादर_टीटी: भांडण थांबवा, मी खंडणीचं सांगतो. नव्वदच्या दशकात मामाच्या दुकानात फोन आला, 'वरून बोलतोय, दोन पेटी (म्हणजे दोन लाख) तयार ठेव.' दुसऱ्या दिवशी मामाने गल्ल्यामागची खुर्ची उचलली आणि कोपऱ्यात भिंतीला टेकवली, दोन्ही दारं दिसतील अशी. मोटारसायकलवर दोघं दिसले की हातातलं माप तसंच राहायचं. गिऱ्हाईक भाव विचारतंय आणि मामा त्या मागे बसलेल्याच्या हाताकडे बघतोय. पैसे देऊनही ती खुर्ची पुन्हा जागेवर आली नाही. त्याच्यापुढे कोणी भाईंच्या दिलदारीचे किस्से काढले की तो उठून जायचा.

भायखळा_लोकल: बरं, 'उसूल' हा शब्द सोडला. शबीर आणि अमीरजादाचंही मान्य, तेव्हाच सगळं नासलं होतं. पण चॉपरवाल्याला समोरच्याचा चेहरा बघावा लागायचा, हे मी सोडणार नाही.

निखारा: बघितला आणि तरी मारलं. हे तुम्हाला त्याच्या बाजूचं वाटतं?

भायखळा_लोकल: बाजूचं म्हटलंच नाही. तुम्हाला प्रत्येक वाक्यात मी भाईंचा वकील दिसतो.

परळची_पोर: आणि जमिनीचं मी विचारलं, त्यावर अजून कोणी बोललं नाही.